वजन उतरवायचंय? आधी तेलाच्या कॅनवर तारीख टाका

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एक शिक्षिका, वय 48, उंची 156 सेंटीमीटर, वजन 71 किलो, कंबर 94 सेंटीमीटर. सकाळची शाळा, घरी नवरा आणि नोकरी करणारा मुलगा. पाळी अनियमित झाली आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे आणि रिपोर्ट नॉर्मल आहे, एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) 6.1. तीन वर्षांपूर्वी शेक पिऊन तीन महिन्यांत 9 किलो उतरवले, पुढच्या वर्षभरात 11 परत आले. धाकटी बहीण दिवसातून दोनदाच जेवते, तिचं वजन उतरलंय. नवरा म्हणतो, वजन उतरवायचं इंजेक्शन घेऊन मोकळी हो. त्या विचारतात: वयामुळे माझा मेटाबॉलिझमच (शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग) बसलाय का? कमी होणार असेल तर किती दिवसांत? आणि या वेळी परत येऊ नये म्हणून काय करू?

ताई, मेटाबॉलिझमचं आधी सांगते, कारण तो समज डोक्यात असला की माणूस सुरुवातीलाच हात टेकतो. तुमचा मेटाबॉलिझम बसलेला नाही. 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या सुमारे 6,400 जणांचा अभ्यास आला होता, तान्ह्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत. शरीराचं आकारमान आणि स्नायू यांचा हिशेब धरला, तर शरीर रोज जितकी ऊर्जा जाळतं ती विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ तेवढीच राहते, असं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही अगदी सावकाश.

मग ब्लाउजची सगळी माया उसवून झाली तरी बटण का लागत नाही? कारण बाकी सगळं बदलतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के, आणि त्यांना काम दिलं नाही तर जास्तच. स्नायू कमी झाले की बसल्याजागी होणारा खर्चही कमी होतो. पाळी जायच्या सुमारास चरबी मांड्या-नितंब सोडून पोटावर जमायला लागते. झोप तुटते. मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या मागे धावणं संपतं, बसऐवजी स्कूटर येते, जिन्याऐवजी लिफ्ट येते. खाणं मात्र पस्तिशीत होतं तेवढंच राहतं, किंवा हातात पैसा खेळायला लागल्यामुळे थोडं वाढतं. रोजचा हा फरक शे-दीडशे कॅलरींचा असतो. तो एका दिवसात कुणाला दिसत नाही, दहा वर्षांनी आरशात दिसतो.

आता तुमचे आकडे. 71 किलो आणि 156 सेंटीमीटर म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 29 च्या जरा वर. परदेशी तक्त्यात याला नुसतं 'जास्त वजन' म्हणतील, कारण तिथे लठ्ठपणा 30 पासून धरतात. आपल्याकडे तो 25 पासून धरतात, आणि बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत असावी असं म्हणतात. हे उगाच कडक केलेलं नाही. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र काढलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्याकडच्या शरीराची ठेवण आहे. म्हणून तुम्हाला मी वजनाइतकंच कंबरेकडे बघायला सांगेन.

किती दिवसांत, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. महिन्याला अर्धा ते एक किलो, आणि काही महिने शून्य. पहिला टप्पा साडेतीन किलोंचा, म्हणजे तुमच्या वजनाच्या 5 टक्के. दीडेक वर्षात 64 च्या आसपास पोचलात तर मी त्याला उत्तम म्हणेन. लग्नातलं वजन परत आणायचा हट्ट सोडा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सरासरी वय 51, म्हणजे तुमच्याच वयाची माणसं. उद्दिष्ट होतं 7 टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने घटलं 31 टक्क्यांनी. तुमचं 6.1 याच उंबरठ्यावरचं आहे, आणि तुमच्या वजनाचे 7 टक्के म्हणजे पाच किलो, त्यामुळे हे पाच किलो पंधरा किलोंच्या तोडीचे आहेत.

आणि ते नऊचे अकरा कसे झाले, तेही समजून घ्या. जेवण एकदम अर्ध्यावर आणलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. शरीर काटकसर करतं, भूक वाढवतं. शेक बंद झाल्यावर जे वजन परत येतं ते बहुतांश चरबीचं असतं, गेलेले स्नायू आपसूक परत येत नाहीत. म्हणजे काट्यावर दोन किलोंचा तोटा दिसला, आतला तोटा त्याहून मोठा. शिवाय त्या तीन महिन्यांत तुमच्या स्वयंपाकघरात काहीच बदललं नव्हतं. तेच तेल, तीच साखर, तोच फरसाणाचा डबा. तुम्ही फक्त बाजूला उभ्या होतात, आणि परत आलात तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

म्हणून माझी एकच कसोटी असते. जे पाच वर्षांनीही करत असाल असं वाटतं, तेवढंच सुरू करायचं. बाकी कितीही शास्त्रीय असो, नको.

सुरुवात तेलापासून करू, कारण पुण्यातल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी त्रासाने सुटणारं तिथेच सापडतं. तेलाचा कॅन फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनाने तारीख टाका. संपेल त्या दिवशी बघा. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये, तीन माणसांच्या घरात 5 लिटरचा कॅन महिन्याभरात संपतो, हे अगदी नेहमीचं. आणि "आम्ही तेल कमीच वापरतो" हे वाक्यही नेहमीचंच. हिशेब करा: 5 लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. तिघांत, तीस दिवसांत, माणशी रोज 50 ग्रॅम, म्हणजे साडेचारशे कॅलरी. हाच कॅन पन्नास दिवस पुरवला की माणशी 30 ग्रॅम, पावणेतीनशे कॅलरी. रोजच्या पावणेदोनशे कॅलरी गेल्या, आणि कुणाच्या पानातली पोळी कमी झाली नाही.

कॅन पन्नास दिवस पुरवायचा कसा? बाटलीतून कढईत थेट तेल ओतणं बंद. फोडणीच्या भांड्याशेजारी एक चहाचा चमचा कायमचा ठेवा, पळी उचलून ठेवा. तिघांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. मोहरी तडतडायला तेल खोल लागत नाही, कढई तिरकी करून एका बाजूला फोडणी करा. भाजी तेलावर परतत बसण्यापेक्षा झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवा, आपल्या आज्या तेच करायच्या. भरली वांगी कुकरमध्ये एका शिट्टीत होतात. वांगं आणि बटाटा कढईत तेल पितात, म्हणून त्या दोन भाज्यांना विशेष लक्ष. दाण्याचं कूट चांगलंच आहे, पण मोठ्या चमच्याला पन्नासेक कॅलरी आहेत, तेव्हा कोशिंबिरीत डोळे मिटून नको. पहिले पंधरा दिवस मुलगा तोंड वाकडं करेल. मग कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दुसरी जागा म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. तुमच्या दिवसाचा जो तपशील तुम्ही लिहिलाय त्यात नाश्ता आहे, डबा आहे, रात्रीचं जेवण आहे. मधलं काही नाही. पण शाळेतून येऊन, दुपारी वह्या तपासून, चहा टाकताना तोंडात काय जातं? दोन खाऱ्या. मग ओट्याशी पोळ्या लाटताना चिवड्याची मूठ. कुकर उघडल्यावर मऊ भाताचा घास, मीठ बघायला भाजीची वाटी, मुलाने पानात टाकलेली अर्धी पोळी. उभ्याने खाल्लेलं कुणी खाण्यात धरत नाही. बायकांच्या बाबतीत तर हा सगळा हिशेब "वाया जायला नको" या खात्यावर जातो. यावर उपाय मनाला आवर घालायचा नाही, कारण दिवसभर वर्ग सांभाळून आलेल्या माणसाकडे संध्याकाळी तेवढा आवर शिल्लक नसतो. पाच वाजता बसून, ताटलीत घेऊन, नीट काहीतरी खा: मुगाचं एक धिरडं, किंवा उकडलेलं अंडं आणि फळ, किंवा वाटीभर मटकीची उसळ, किंवा फुटाणे आणि ताक. पोटात हे असलं की ओट्याशी हात आपोआप कमी चालतो. उरलेली पोळी डब्यात झाकून ठेवा, सकाळी फोडणीची पोळी करा. तुमचं पोट म्हणजे घरातली उरलंसुरलं टाकायची जागा नव्हे, हे घरच्यांना एकदा हसत हसत सांगून टाका.

फरसाण, बाकरवडी, खारी घरात आणूच नका असं मी म्हणत नाही. पुण्यात राहून तसं सांगणारीला लोक परत विचारणार नाहीत. फक्त किलोचा पुडा नको. शंभर ग्रॅम आणा, रविवारी, सगळ्यांनी मिळून संपवा. काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवलेली गोष्ट दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे येते.

चहा. चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम साखर आणि 160 कॅलरी. एकदम बिनसाखरेचा करू नका, चार दिवसांत सोडून द्याल. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. स्टाफरूममधला चहा एकत्र गोड होऊन येतो, तिथे अर्धा कप घ्या.

यापुढचं थोडं सावकाश वाचा, कारण बहुतेक जण इथे घसरतात. कमी खायचं म्हटलं की आपण आधी वरण, दूध, अंडं कमी करतो आणि पोळी-भात तसाच ठेवतो. तुमचा रोजचा आहार मी मोजला: पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी, रात्री आमटी-भात. प्रथिनं जेमतेम 40 ग्रॅम होतात. स्नायू टिकवायचे तर 60 च्या आसपास हवीत. पातळ आमटीत डाळ किती असते, हे वाटीच्या तळाशी बघा. तिच्याऐवजी घट्ट वरण करा, वाटीला 6-7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुपारच्या डब्यात एक दिवसाआड सुकी भाजी काढून उसळ घाला आणि पोळ्या तीनच्या दोन करा. पोह्यांत मोड आलेले मूग घाला, किंवा पोह्यांबरोबर एक अंडं खा, त्यातून 6 ग्रॅम मिळतात. रात्री वाटीभर दही. पिठलं-भाकरी हे जेवण म्हणून चांगलं आहे, बेसनात प्रथिनं भरपूर असतात, फक्त त्यावर ओतायचं तेल आठवणीने आवरायचं. बाहेरची प्रथिनांची पावडर तुम्हाला लागणार नाही.

उपवासाबद्दल फार लिहीत नाही, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर दाणे, तूप, बटाटा. गुरुवार करत असाल तर वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी बेताची, दही, फळं. श्रद्धेत मी पडत नाही.

व्यायामाचं. तुम्ही तळजाईच्या टेकडीवर आठवड्यातून चार दिवस जाता, फार छान, ते सोडू नका. पण 40 मिनिटं गप्पा मारत चालून जेमतेम दीडशे कॅलरी जातात, आणि टेकडीवरून उतरल्यावर एका वडापावात त्याच्या जवळजवळ दुप्पट परत येतात. चालणं रक्तदाबाला, साखरेला, मनाला चांगलं. वजन उतरवायला एकटं पुरत नाही, आणि स्नायू वाढवायला तर नाहीच. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं, ताकदीचा व्यायाम हवा. जिमचीच गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. भिंतीला हात टेकवून दंड. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत, मग डोक्यावर. टाचा उचलून उभं राहणं. दहा सोपं झालं की पंधरा, बाटल्या हलक्या वाटल्या की डंबेल्स घ्या. गुडघे दुखत नसतील तर आठवड्यातून एकदा पर्वती चढा, 103 पायऱ्या मांड्यांना पुरेसं काम देतात. आणि रात्री जेवल्यावर सोसायटीतच दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर त्याने लगेच खाली येते, तुमच्या 6.1 ला याचा उपयोग टेकडीइतकाच आहे.

झोप साडेपाच तास लिहिली आहे. सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठायचं तर साडेदहाला फोन खाली ठेवायला लागेल. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्याचीच असते. पाळी जायच्या काळात रात्री घाम येऊन जाग येत असेल, तर ती सोसायची गोष्ट नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नका. आधी फक्त तेल आणि पाच वाजताचं खाणं. ते अंगवळणी पडलं की प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम, साखर मागोमाग. सवय 21 दिवसांत लागते असं जे सांगतात त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा निम्म्या लोकांना 66 दिवस किंवा त्याहून जास्त लागले. कुणाला 18 पुरले, कुणाला आठ महिने लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा लग्नाच्या पंगतीत जिलबी झाली तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून प्रायश्चित्त नको. नेहमीचं जेवण जेवा.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं ते पाणी असतं. आदल्या रात्री मिसळ किंवा लोणचं-पापड झालं की काटा चढणारच. चार आठवड्यांची सरासरी काढा आणि तीच बघा. कंबर महिन्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. ताकदीचा व्यायाम सुरू केला की वजन थांबतं आणि कंबर उतरते असे महिने येतात. लोक नेमकं तेव्हाच सोडून देतात. आणि गणपती ते दिवाळी या काळात वजन आहे तिथे राहिलं तर ते यश धरा, त्या दोन-तीन महिन्यांत मी कुणालाही उतरवायचं उद्दिष्ट देत नाही.

बहिणीच्या दोन जेवणांबद्दल: ती पद्धत काहींना मानवते, कारण मधलं सगळं चरणं बंद होतं. तिला मानवली असेल तर तिने करावी. तुम्हाला सातला शाळा, दीडला घर, आणि मधल्या सुट्टीत डबा. तुमच्या दिवसात ती बसत नाही आणि दोन जेवणांत 60 ग्रॅम प्रथिनं बसवणं शाकाहारी पानात अवघड जातं. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करूच नये.

नवऱ्याच्या इंजेक्शनचं: सेमाग्लुटाइड आणि तिरझेपाटाइड ही औषधं 2025 पासून वजनासाठी भारतात मिळायला लागली आहेत आणि ती काम करतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. वजन फार जास्त असेल, मधुमेह हाताबाहेर असेल, तर मी स्वतः लोकांना डॉक्टरांकडे त्यासाठी पाठवते. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, असं चाचण्यांतच दिसलं आहे. भूक मेल्यामुळे प्रथिनं कमी गेली तर स्नायूही जातात. म्हणजे वर लिहिलेलं इंजेक्शन घेऊनही करावंच लागतं. तुमच्या आकड्यांवर आधी सहा-आठ महिने हे करून बघायला पुरेसा अवकाश आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन अर्धा-पाऊण तास चहा टाळता ना? नसाल तर टाळा. थायरॉइड आटोक्यात असताना मात्र सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, एरवीही त्याचा वाटा दोन-चार किलोंचाच असतो. दुसरं, नवऱ्याला विचारा की तुम्ही जोरात घोरता का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का. तसं असेल, किंवा पुरेशी झोप होऊनही वर्गात डोळे मिटत असतील, तर झोपेची तपासणी करायला लागेल. बी12 आणि डी ही जीवनसत्त्वं आणि हिमोग्लोबिन या वर्षात पाहिलं नसेल तर तेही करून घ्या. एचबीए1सी तीन महिन्यांनी परत करा, त्याआधी केल्यास फरक नीट कळत नाही. रिपोर्ट आला की चार आठवड्यांच्या सरासऱ्या, कंबरेचे आकडे आणि तेलाच्या कॅनवरच्या दोन्ही तारखा एका कागदावर लिहून पाठवा. पोळ्या किती ठेवायच्या ते त्यावरून ठरवू.